तलवाड्याची विहीर आणि अधिकृत विक्रेते

भाऊबीजेच्या दिवशी सासरवाडीच्या पंगतीत बसून, तोंडात अनारशाचा घास असताना, माणसानं कुणाला शब्द देऊ नये. आप्पारावांनी दिला.

तलवाड्याला त्यांच्या मेव्हण्याची, शहादेवाची, मोसंबीची बाग. बागेच्या विहिरीतली मोटार त्याच दिवशी सकाळी दुरुस्तीसाठी वर ओढताना दोर तुटला आणि मोटार तळाला गेली. शहादेवानं गळ टाकून मोटारी काढणाऱ्या माणसांना फोन केला होता. ती माणसं तिवई-साखळी घेऊन निघालीही होती. तेवढ्यात आप्पाराव म्हणाले, "त्यांना म्हणावं, जिथं असाल तिथून माघारी फिरा. घरात माणूस असताना बाहेरची माणसं कावून? मोटार मी काढून देतो."

पंगत थांबली. शहादेवाची बायको बायडाबाई भाताचं पातेलं धरून होती तिथंच उभी राहिली. सासूबाई सरस्वतीबाईंना ऐकू कमी येतं, पण नेमकं हे ऐकू आलं.

"जावईबापू, तुमी हिरीत उडी मारणार?"

"उडी न्हाई, मामी. यंत्र लावून उतरणार."

"यंत्र तर बुडालंय की. आता हे दुसरं कोन्तं?"

आप्पारावांच्या शेजारी बसलेल्या मंगलनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. तिला ते यंत्र माहीत होतं. गेवराईच्या घरात तिच्या ज्वारीच्या कोठीशेजारी ते पडलेलं होतं, आणि दर दिवाळीला ती त्याच्यावरून झाडणी फिरवत होती.

आप्पाराव एका सरकारी कार्यालयात कारकून होते. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. पाण्याशी त्याचा संबंध होता एवढं पुरे. त्या कार्यालयानं एके काळी धरणाचे दरवाजे पाण्याखालून तपासायला पाणबुड्याचा एक संच विकत घेतला होता. तो कधी पाण्यात गेला नाही. माणूस सरळ खाली उतरला तर त्याला प्रवासभत्ता कुठल्या दरानं द्यायचा, याचा निर्णय वरून यायचा होता. तो येईपर्यंत संच जुना झाला, भंगारात निघाला आणि लिलावात आप्पारावांनी घेतला. निवृत्तीनंतर तालुक्यातल्या विहिरींतल्या मोटारी काढायच्या, असा त्यांचा बेत होता. बेत म्हणून तो चांगलाच होता.

आता शब्द देणारा जावई होता, ही खरी अडचण. आमच्या जिल्ह्यात केजकडं एका गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात, पण ते वर्षातून एकदा. बाकी सगळ्या गावांत, बाकी सगळे दिवस, जावई म्हणजे देव. देवानं सांगितलं मी करतो, तर मागून दुसऱ्या माणसाला बोलावता येत नाही. तो देवाचा अपमान होतो. शहादेवानं मुकाट्यानं फोन लावून तिवईवाल्यांना अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं. तिवईवाले काय बोलले ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

म्हणजे आता एकीकडं मोसंबीची बाग होती, जिला मोटार निघेपर्यंत पाणी नव्हतं. आणि दुसरीकडं आप्पारावांचा शब्द होता, जो त्यांना परत घेता येत नव्हता. या दोन्हीच्या मधे एक रेग्युलेटर होता.

रेग्युलेटर म्हणजे गॅसच्या टाकीवर असतो तो नव्हे. पाणबुड्याच्या पाठीवरच्या नळकांड्यात हवा अशी ठासून भरलेली असते, की सरळ तोंडात घेतली तर माणूस फुग्यासारखा उडेल. रेग्युलेटर ती हवा मवाळ करून, तुम्ही श्वास ओढला की तेवढीच देतो. ओढला नाही की गप्प बसतो. म्हणजे चांगला असेल तर गप्प बसतो.

आप्पारावांनी गेवराईत परत आल्यावर अंगणात संच मांडला, नळकांड्याची चावी फिरवली आणि रेग्युलेटरनं जो फुत्कार सोडला तो काही थांबेना. गल्लीतलं कुत्रं पळालं. शेजारच्या वनमालाबाईंनी ओरडून विचारलं, "मंगल, कुकर उतरीव की गं! किती शिट्ट्या करती?" आप्पारावांनी चावी बंद करायला हात घातला, पण घाबरून ती उलट फिरवली. होती नव्हती ती हवा गल्लीत गेली.

फुत्कार ऐकून समोरचा नाथा आला. नाथाचं महामार्गावर पंक्चरचं दुकान. हवा या विषयात तालुक्यात त्याच्यावर कुणी बोलत नाही.

"रबरं वाळलीत," रेग्युलेटर कानाशी हलवून नाथा म्हणाला. "पडून पडून कडक झालीत. कुकरचं रिंग कापून बसवतो, आप्पासाहेब. जमतंय."

"हे जीव वाचवायचं यंत्र आहे, नाथा. कुकर नव्हे."

"कुकर फुटला तरी जीव जातोयच की."

"याला अधिकृत सर्व्हिसिंग लागतं," आप्पाराव म्हणाले. अधिकृत हा शब्द त्यांनी नोकरीत इतक्या वेळा वापरला होता, की तो उच्चारला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"बरं, हवा तर भरून देऊ?" नाथानं नळकांडं दुकानात नेलं, ट्रकच्या टायरची नळी लावली. कंप्रेसर खूप वेळ धडधडला. नळकांड्यावरचा काटा शून्याच्या जागेवरून एवढासाही हलला नाही. नाथाच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं होतं. "हे टायर लई मोठं हाय बे," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेला.

आप्पारावांनी रेग्युलेटर बनवणाऱ्या कंपनीच्या मुंबईच्या सेवा केंद्राला फोन लावला. तिथली बाई गोड बोलली. कुणाही व्यक्तीकडून आलेला रेग्युलेटर आम्ही उघडत नाही. तो अधिकृत विक्रेत्यामार्फत आला पाहिजे. जवळचा अधिकृत विक्रेता? मालवण. मालवणला फोन लावला. तो म्हणाला, तुम्ही हा माझ्याकडून घेतलेला नाही, मग मी तो पुढं कसा पाठवू? मग ज्याच्याकडून घेतला तो? तो म्हणजे सरकार. सरकार अधिकृत विक्रेता आहे का? नाही.

एखादा साधा माणूस इथं थांबला असता. पण आप्पारावांनी सगळी नोकरी लोकांचे अर्ज याच पद्धतीनं अडवण्यात घालवली होती. ते रागावले नाहीत. उलट त्यांना त्या सेवा केंद्राबद्दल एक प्रकारचा आदर वाटला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते मंगलला म्हणाले, "ठरलं. आपणच अधिकृत विक्रेते होऊ."

"कशाचे?"

"पाणबुडी साहित्याचे. मराठवाड्यात एकही नाही."

"समुद्र तरी हाय का मराठवाड्यात?"

"म्हणूनच नाही. स्पर्धाच नाही."

मंगल म्हणाली, "अवो, शहादेवला एक फोन करा, म्हणावं आण तिवईवाले. चार माणसांत बोललात म्हणून काय झाडं वाळवायची?"

आप्पारावांना ते पटलं. पण पटणं आणि फोन करणं यांत अंतर असतं.

कंपनीची पहिली अट होती दुकानाचा परवाना. परवाना देणाऱ्या कार्यालयात आप्पाराव ओळखीच्या पावलांनी गेले. खिडकीतल्या तरुण कारकुनानं व्यवसायांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. पाणबुडी त्यात नव्हती. "मत्स्यव्यवसायात टाकू?" त्यानं विचारलं. "मासे धरायचे नाहीत." "मग क्रीडासाहित्य?" "हा खेळ नव्हे." "मग कुकर, शेगडी व तत्सम दुरुस्ती. तत्सममध्ये काहीही बसतं." आप्पारावांना तत्सम होणं अपमानाचं वाटलं, पण त्यांनी स्वतः अनेकांना तत्सममध्ये बसवलेलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

परवाना तत्समचा, म्हणून पाटीही तशीच रंगवावी लागली. पाटीवर वर लहान अक्षरात पाणबुडी साहित्य आणि खाली मोठ्या अक्षरात कुकर, शेगडी. पेंटर म्हणाला, गिऱ्हाईक खालचंच वाचतं. त्याचं बरोबर होतं. पहिल्याच आठवड्यात गल्लीतले सगळे कुकर आप्पारावांच्या ओट्यावर आले. एक म्हातारी फवारणीचा पंप घेऊन आली. एक जण लग्नाच्या मांडवाच्या फुग्यांसाठी हवा मागायला आला आणि नळकांडं रिकामं आहे म्हटल्यावर, "मग दुकान कशाचं हाय, दाजी?" असं सगळ्यांसमोर विचारून गेला.

त्यातच एक जीप येऊन थांबली. गोदाकाठी वाळूचं काय चालतं ते साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे, आणि ते थांबवायला फिरणारी माणसंही ठाऊक आहेत. त्यांच्यातला एक जण पाटी वाचून खाली उतरला. त्यानं वरची ओळ वाचली होती. एवढा शिकलेला माणूस त्या पाटीला तोपर्यंत भेटला नव्हता.

"पाण्याखाली काय काम करता?"

"मोटार काढायची आहे."

"मोटार कशाला? वाळू उपसायला?"

"मोसंबीला पाणी द्यायला."

"नदीत मोसंबी?"

आप्पारावांनी त्याला बसवून भाऊबीजेपासूनची सगळी हकीकत सांगितली. तो माणूस चहा पिऊन ऐकत राहिला. शेवटी उठताना म्हणाला, "आप्पाराव, माझीही सासरवाडी तलवाड्याकडंच आहे. ते तिवईवाले चांगले आहेत. बोलवा त्यांना." पण जाताना नळकांड्याचे फोटो मात्र काढून घेऊन गेला.

संक्रांतीनंतर आप्पाराव मंगलला घेऊन तलवाड्याला गेले. खरं तर बाग बघायला जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मोसंबीचं पाणी तोडून तिला ताण द्यावा लागतो, म्हणजे झाड दमतं आणि मग फुलतं, हे त्यांना माहीत होतं. पण ताण किती? एवढा? एस.टी.त बसल्या बसल्या त्यांना वाळलेल्या काड्यांची बाग दिसत होती आणि तिच्या कडेला हात जोडून उभा असलेला शहादेव दिसत होता.

प्रत्यक्षात बाग फुललेली होती. झाडांभोवतीची आळी ओली होती. वास असा, की मंगल वाटेतच थांबली.

"पाणी कुठून दिलं?" आप्पारावांनी विचारलं.

शहादेवानं बायडाबाईकडं पाहिलं. बायडाबाईनं लिंबाच्या झाडाकडं पाहिलं.

"शेजारच्याकून घेतलं की, दाजी. नळी टाकून."

"शेजारी देतो?"

"देतंय. माणूस चांगलाय."

आप्पारावांना माहीत होतं, की त्या शेजाऱ्याचं आणि शहादेवाचं बांधावरून कोर्टात चालू आहे. पण माणसं बदलतात, असं ते स्वतःला म्हणाले. आपल्या एका शब्दापायी शहादेवाला वैऱ्यापुढं हात पसरावा लागला, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. सरस्वतीबाई म्हणाल्या, "खावा की जावईबापू. मोटार कुठं पळून चाललीया? तुमचं यंत्र तयार झालं म्हंजी काढा." त्या मायेनं बोलल्या, पण आप्पारावांना ते टोचलं. परतीच्या गाडीत त्यांनी शपथ घेतली, की उन्हाळा चढायच्या आत मोटार वर.

कंपनीची पुढची अट होती प्रशिक्षण. त्यासाठी आप्पाराव मालवणला गेले. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला आणि त्यांना तो जरा अस्ताव्यस्त वाटला. विहिरीला कठडा असतो, खोली ठरलेली असते, पाणी कुणाचं तेही ठरलेलं असतं. तिथल्या पोरसवदा मास्तरानं त्यांना पाण्याखाली नेलं, रंगीत मासे दाखवले आणि वर आल्यावर कसं वाटलं म्हणून विचारलं. आप्पाराव म्हणाले, "मोटार पडली असती तर इथं सापडली नसती." तरी पोहायला ते पक्के निघाले. लहानपणी पाठीला डबा बांधून गोदावरीकाठच्या विहिरीत शिकलेलं पोहणं पाण्यात गेल्यावर आपोआप परत आलं. रेग्युलेटर उघडून, धुऊन, नवी रबरं घालून परत जोडायलाही ते तिथंच शिकले. नव्या रबरांचं पाकीट त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून आणलं. एस.टी.त ते अधूनमधून छातीवर हात ठेवून बघत, तेव्हा शेजारच्या प्रवाशानं त्यांना खिडकीची जागा दिली आणि विचारलं, "दुखतंय का?"

घरी त्यांनी जेवायच्या टेबलावर पांढरं धोतर अंथरलं आणि रेग्युलेटर उघडला. एक स्प्रिंग उडाली ती वरणाच्या पातेल्यात गेली. वरण गाळावं लागलं. पितळी भागांवर हिरवा गंज बसला होता. पुस्तकात लिहिलं होतं, की सौम्य आंबट द्रावणात भिजवावे. द्रावण कंपनीकडून मागवावे. द्रावण यायला पंधरवडा लागणार होता. मंगलनं देवाच्या तांब्यांसाठी भिजवलेल्या चिंचेचं भांडं पुढं केलं आणि न विचारता सगळे भाग त्यात टाकले. आप्पारावांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा रेग्युलेटर देव्हाऱ्यात ठेवण्यासारखा झाला होता.

शेवटची अट होती तपासणी. कंपनीचे पश्चिम भागाचे अधिकारी गोव्याहून येणार, दुकान बघणार, आणि विक्रेत्यानं स्वतः दुरुस्त केलेला रेग्युलेटर लावून, आपल्या भागातल्या नेहमीच्या पाणबुडीच्या ठिकाणी प्रत्यक्ष उतरून दाखवायचं. भरलेलं नळकांडं साहेब सोबत आणणार होते. आप्पारावांनी ठिकाणाच्या जागी न डगमगता लिहिलं: तलवाडा.

नेमका धोंड्याचा महिना लागला होता. अधिक महिन्यात सासरवाडीनं जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे असतात. धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून खायचे. म्हणजे आप्पाराव जाणारच होते. त्यांनी शहादेवाला फोन लावला. "परवा येतो. सोबत गोव्याचे साहेब आहेत. परवाच मोटार काढतो."

"परवा?" शहादेव म्हणाला. "परवा म्हंजी... परवाच?"

"कावून? अडचण आहे?"

"न्हाई न्हाई. अडचण कशाची! या की, दाजी." मागं बायडाबाईचा आवाज आला, "आता गं बया!" आणि फोन ठेवला गेला.

आप्पारावांना वाटलं, आनंदानं ओरडली.

गोव्याचे साहेब मोठे गोरे-गोमटे, समुद्रात जहाजांच्या तळाशी जाऊन आलेले. दुकान त्यांनी दोन मिनिटांत पाहून घेतलं. ओट्यावरच्या कुकरांच्या रांगेकडं पाहून वहीत काहीतरी लिहिलं. रेग्युलेटर हातात घेऊन मात्र त्यांनी विचारलं, "कोणतं केमिकल वापरलंत?"

"स्थानिक," आप्पाराव म्हणाले.

तलवाड्याला विहिरीवर अर्धं गाव जमलं होतं. जावई मोटार काढतो हे बघायला कोण येणार नाही? सरस्वतीबाईंना बाजेवर बसवून आणलं होतं. गोठ्याजवळ कडब्याची नवी गंज रचलेली होती, आणि शहादेव सारखा त्या गंजीकडं बघत होता. बाग मात्र हिरवीगार होती. फळं लिंबाएवढी झाली होती. आप्पारावांच्या मनात आलं, शेजारी खरंच चांगला माणूस निघाला.

साहेब कठड्यावरून खाली वाकले आणि लगेच मागं सरले. "पायऱ्या?"

"न्हाईत," शहादेव म्हणाला.

"मग उतरायचं कसं?"

"दोराला धरून. आमी तसंच उतरतो."

"आणि चढायचं?"

"त्याच दोराला धरून."

साहेब म्हणाले की मी इथं वरूनच बघेन. त्यांनी आणलेलं नळकांडं आप्पारावांच्या पाठीवर चढवलं. चावी फिरवली. सगळं गाव कान देऊन ऐकत होतं. रेग्युलेटर गप्प. आप्पारावांनी श्वास ओढला, हवा आली, सोडला, थांबली. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या ऐकण्यात एवढं सुंदर काही आलं नव्हतं. सरस्वतीबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि ते विहिरीत उतरले.

पाण्याखाली आधी हिरवं होतं, मग काळपट. वर गोल आभाळ, त्याच्या कडेला डोकी. श्वास एकसारखा चालला होता. गाळाजवळ आल्यावर त्यांनी टॉर्च लावली आणि मोटार समोर दिसली.

मोटारीला हळद-कुंकू लावलेलं होतं. हळद तेलात कालवून बोटानं ओढलेली, पाच रेघा, मधे कुंकवाचा ठिपका. वरच्या कडीत कण्हेरीचं पिवळं फूल खोवलेलं, ताजं, एक पाकळीही न गळलेलं.

भाऊबीजेला बुडालेली मोटार. आता जेठ महिना चालू होता.

आप्पाराव पाण्यात तसेच अधांतरी राहिले. बुडबुडे मात्र जोरात वर गेले, वर कुणीतरी म्हणालं, "दाजींनी मोटार धरली वाटतं!" त्यांना एकदम सगळं कळलं. ओली आळी कळली. कोर्टातला चांगला शेजारी कळला. कडब्याची गंज कळली, आणि तिच्या खाली आत्ता काय झाकून ठेवलं असेल तेही कळलं. भाऊबीजेनंतर त्यांची एस.टी. सुटली असेल नसेल तोच तिवईवाले विहिरीवर उभे असणार. चांगली मोटार तेव्हापासूनच पाणी ओढत असणार, आणि ते येणार म्हटलं की बंद होत असणार. ही दुसरी, कुठलीतरी जुनी जळकी मोटार गोठ्यातून काढून काल पाण्यात सोडलेली. सगळं घर महिनोन्‌महिने त्यांच्यासमोर नाटक करत होतं, आणि ते मालवणला जाऊन आले होते.

सगळं बेमालूम झालं होतं. फक्त बायडाबाईचा हात चुकला होता. चुकला तरी कसं म्हणावं? मोटार पाण्यात सोडायची आणि तिला हळद-कुंकू लावायचं नाही, हे त्या बाईच्या हातून होणं शक्यच नव्हतं. मोटार जळकी असली, खोटी असली, तरी विहीर खरी होती.

आप्पारावांना पहिल्यांदा राग आला. वर जाऊन, तोंडातलं काढून, सगळ्या गावासमोर विचारावं असं वाटलं. मग वाटलं, वर जाऊच नये. पण काट्यानं हवा किती उरली ते दाखवलं, आणि खाली राहणंही अधिकृत नव्हतं. मग त्यांना सरस्वतीबाई आठवल्या, भाकरीचा तुकडा ओवाळणाऱ्या. त्यांना हे माहीत असणारच. कदाचित त्यांनीच सांगितलं असेल, की मोटार काढा पण जावयाला कळू देऊ नका. एवढी माणसं एवढे दिवस एकमेकांकडं बघून गप्प बसली, शेजारी चांगला आहे म्हणाली, ती कशापायी? तर जावयाला पंगतीत मान खाली घालावी लागू नये म्हणून.

त्यांनी कण्हेरीचं फूल काढलं आणि गाळात खोल दाबलं. मग अंगठ्यानं हळद-कुंकू पुसायला सुरुवात केली. तेलातली हळद लवकर निघेना. त्यांनी गाळ घेऊन घासलं. मोटार चांगली मळकी, भाऊबीजेपासून पडलेल्या मोटारीसारखी दिसायला लागली तेव्हा त्यांनी तिला दोर बांधला आणि हिसका दिला.

वर एकच जल्लोष झाला. गोव्याच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मराठवाड्यातला पहिला अधिकृत विक्रेता म्हणून त्यांनी आप्पारावांचा ओला हात हातात घेतला, आणि लगेच एक खुलासा केला: हा रेग्युलेटर जुन्या बनावटीचा असल्यानं यापुढं त्याचं सर्व्हिसिंग कंपनीच्या नियमात बसत नाही. "कुणी घेऊन आलं तर तुम्ही विक्रेता म्हणून नकार द्यायचा." आप्पाराव म्हणाले, "देतो. मला सवय आहे."

शहादेवानं नारळ फोडला. बायडाबाई गर्दीतून पुढं आली, कठड्यावर ठेवलेल्या मोटारीकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं मोटारीला एक फेरी मारली, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, वाकून खालून पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली.

पंगत बसली. धोंड्यांवर तूप पडलं. बायडाबाई आप्पारावांच्या ताटात वाढताना थांबली. त्यांचा अंगठा नखापासून पेरापर्यंत पिवळाधमक होता.

"भावजी," ती हळू म्हणाली, "हाताला काय लागलंय?"

"गंज हाय, वहिनी."

"गंज तांबडा असतोय."

"तुमच्या हिरीतला पिवळा हाय."

बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. त्यामागं ती हसली की आणखी काही, ते आप्पारावांनी बघितलं नाही. तिनं वाढपातली सगळी पातेली बाजूला ठेवून त्यांच्या ताटात आणखी धोंडे घातले, मग आणखी, ते नको नको म्हणेपर्यंत. शहादेव खाली मान घालून जेवत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला, "जेवल्यावर मोटार सोडू का मग आत? तुमच्याच हातानं?"

आप्पारावांनी अंगठा चाटला. हळद पुरणातही होती, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

"आज नको. आमी गेल्यावर सोडा," ते म्हणाले, आणि मंगलकडं वळले. "उरक लवकर. पहिल्याच गाडीनं निघू. ऊन लई हाय, मोसंबीला पाणी द्यायचं राहिलंय त्यांचं."